मांजराची नखे कापणे

मांजराची नखे कापणे म्हणजे पाळीव मांजराच्या नखांची आकड्यासारखी वळलेली अणकुचीदार टोके ठरावीक काळाने छाटून बोथट करणे होय. घराबाहेर न जाणाऱ्या मांजरांच्या, विशेषतः शहरांतील सदनिकांत पाळलेल्या मांजरांच्या निगेत या कामाचा समावेश होतो. एका नखाला एक-दोन क्षण पुरतात आणि योग्य जागी कापल्यास मांजराला वेदना होत नाही. असे असूनही भित्र्या मांजराच्या बाबतीत हे काम अतिशय अवघड ठरू शकते, कारण पंजा कोणीतरी धरून ठेवणे हीच त्याच्या दृष्टीने संकटाची खूण असते. बळाने दाबून धरून सगळी नखे एकाच वेळी कापली, तर त्या दिवसापुरते काम होते. परंतु पुढच्या वेळी तेच मांजर नेलकटर पाहताच पलंगाखाली शिरते, फिस्कारते किंवा चावते. म्हणून भित्र्या मांजराला आधी स्पर्शाची सवय लावावी आणि मग एका वेळी एक-दोन नखेच कापावीत, ही पद्धत श्रेयस्कर मानली जाते.

नखांची रचना

मांजराला (शास्त्रीय नाव: फेलिस कॅटस) सामान्यतः १८ नखे असतात. पुढच्या प्रत्येक पायाला ५ आणि मागच्या प्रत्येक पायाला ४. पुढच्या पायाचे पाचवे नख अंगठ्याप्रमाणे आतल्या बाजूला, थोडे वर असते. ते जमिनीला टेकत नाही, त्यामुळे झिजत नाही आणि कापतानाही पुष्कळदा विसरले जाते. काही मांजरांना जन्मतःच जादा बोटे असतात. त्यांच्या नखांची संख्या अर्थातच अधिक असते.

माणसाचे नख बोटाच्या टोकावर चपटे बसलेले असते. मांजराचे नख मात्र बोटाच्या शेवटच्या हाडावर टोपणासारखे बसलेले असते. मांजर निवांत असताना लवचीक बंध हे हाड मागे ओढून धरतात आणि नख कातडीच्या घडीत लपलेले राहते. झाडावर चढताना, भक्ष्य पकडताना किंवा स्वसंरक्षणाच्या वेळी स्नायू आखडून नख बाहेर काढले जाते. वाघ आणि बिबट्या यांची नखेही याच तत्त्वावर आत-बाहेर होतात. मांजराला 'वाघाची मावशी' म्हणतात, ते निदान पंजाच्या बाबतीत तरी रचनेला धरून आहे.

नख केराटिन या प्रथिनाच्या थरांचे बनलेले असते. बाहेरचा थर जुना झाला की टरफलासारखा निघून येतो आणि आतून नवे, धारदार टोक बाहेर पडते. मांजर खांबावर किंवा गादीवर नखे घासते, तेव्हा पुढच्या नखांची टरफले निघतात. मागच्या पायांची टरफले ते बहुधा दातांनी काढते. घरात चंद्रकोरीच्या आकाराची पोकळ टरफले सापडली, तर नख तुटले असे समजण्याचे कारण नाही.

नखाच्या मुळाकडील भागात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. या नाजूक भागाला मराठीत 'जिव्हाळी' असा नेमका शब्द आहे. बहुतेक मांजरांची नखे पांढरट, अर्धपारदर्शक असल्यामुळे प्रकाशात जिव्हाळी गुलाबी त्रिकोणासारखी दिसते. तिच्यापुढचा रंगहीन भाग निर्जीव असतो आणि कापायचा असतो तो केवळ हाच भाग.

नखे कापण्याची गरज

नखे कापणे प्रत्येक मांजराला सारख्याच प्रमाणात आवश्यक नसते. बाहेर हिंडणाऱ्या मांजराला कुत्र्यापासून पळताना भिंतीवर किंवा झाडावर चढावे लागते. त्याची नखे सामान्यतः कापू नयेत. घरातल्या तरुण, चपळ मांजराला नखे घासण्याची योग्य जागा मिळाली, तर त्याची नखे बव्हंशी आपोआप सुस्थितीत राहतात. अशा मांजराची नखे कापण्यामागे ओरखडे टाळणे, पडदे व गाद्या वाचवणे आणि कापडाच्या धाग्यात नख अडकून मांजराला होणारी इजा टाळणे, हे हेतू असतात.

वृद्ध, आजारी, स्थूल किंवा हालचाल मंदावलेल्या मांजराची स्थिती वेगळी असते. त्याची नखे जाड होतात, जुने थर गळत नाहीत आणि नख वर्तुळाकार वाढून पंजाखालच्या गादीत रुतू शकते. त्यातून जखम व पू होतो आणि मांजर लंगडू लागते. अशा मांजराच्या बाबतीत नखे कापणे ही आरोग्याची गरज आहे.

हा फरक लक्षात घेणे महत्त्वाचे आहे. निरोगी परंतु अत्यंत भित्र्या मांजराची नखे आठवडाभर उशिरा कापली गेली, तर बहुधा काहीच बिघडत नाही. घाई केली, तर मात्र महिनोन् महिने जपलेला विश्वास एका बैठकीत गमावला जाऊ शकतो.

नखे कापल्याने नखे घासण्याची सवय बंद होत नाही. पंजाच्या गाद्यांमध्ये गंधग्रंथी असतात. घासल्यामुळे मांजर आपला गंध तेथे ठेवते, अंग ताणते आणि नखांची निगाही राखते. ही खोड नसून त्याचे नैसर्गिक वर्तन आहे.

भित्रेपणाची कारणे आणि लक्षणे

मांजराच्या आयुष्यातील साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसांशी ओळख होण्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा असतो. या काळात माणसाच्या हाताळणीची सवय न झालेले पिल्लू पुढे माणसाच्या स्पर्शाला बिचकते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अनेक कुटुंबे रस्त्यावरचे, वाहनतळातले किंवा जिन्याखाली सापडलेले देशी मांजर घरी आणतात. असे मांजर मोठेपणी घरात आले असेल, तर ते जेवायला जवळ येते, मांडीवर झोपतेही. परंतु पाय धरल्याबरोबर दचकते. स्वभावातील आनुवंशिक भाग, पूर्वी झालेली इजा किंवा नखे कापतानाचा वाईट अनुभव हीही भित्रेपणाची कारणे असतात.

भीती वाढत असताना मांजर पुढील खुणा दाखवते:

- कान बाजूला वळणे किंवा डोक्याला चिकटणे
- डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे
- शेपटीचे टोक झटकणे किंवा शेपटी आपटणे
- पाठीची कातडी थरथरणे
- अंग आखडून जमिनीलगत दबणे
- ओठ वारंवार चाटणे, पंजा मागे ओढून घेणे

गुरगुरणे, फिस्कारणे, बोचकारणे आणि चावणे हे यानंतरचे टप्पे आहेत. पालकाला अनेकदा हेच शेवटचे टप्पे दिसतात आणि 'मांजर अचानक चावले' असे वाटते. वस्तुतः मांजराने त्याआधी बरेच काही सांगितलेले असते. पहिल्या खुणा दिसताच थांबणे हा भित्र्या मांजराच्या हाताळणीतील मूलभूत नियम आहे. अगदी स्तब्ध, दगडासारखे बसलेले मांजर शांत असतेच असे नाही. भीतीनेही मांजर गोठून बसते.

साधने

मांजरांसाठी कात्रीच्या आकाराचे लहान नेलकटर मिळते. त्याच्या पात्यांना अर्धगोल खाच असते आणि नख त्या खाचेत बसते. धार उत्तम असावी. बोथट पाते नख कापण्याऐवजी चिरडते, आणि त्या दाबाने मांजराला दुखते. माणसाचे साधे नेलकटर पिल्लाच्या कोवळ्या नखांना चालते, पण जाड नख त्यात चपटे होऊन चिरते.

याखेरीज पुढील वस्तू हाताशी असाव्यात:

- खिडकीतला भरपूर उजेड किंवा विजेरी
- न घसरणारी सतरंजी किंवा जाड टॉवेल, ज्यावर मांजर नेहमी झोपते
- मांजराचा अतिशय आवडता खाऊ
- रक्त थांबवणारी पूड आणि स्वच्छ कापूस किंवा कापड

खाऊ असा असावा, की जो एरवी मिळत नाही. मीठ, कांदा व लसूण न घालता उकडलेल्या कोंबडीचे किंवा माशाचे बारीक तुकडे उपयोगी पडतात. घरात मांसाहार होत नसल्यास बाजारात मांजरांसाठी पाकिटातून मिळणारे चाटण वापरता येते. कांदा व लसूण मांजरांना विषारी असल्यामुळे स्वयंपाकातला रस्सा किंवा त्यातले तुकडे देऊ नयेत.

स्पर्शाची सवय लावणे

भीतीच्या कारणाशी अगदी सौम्य प्रमाणात ओळख करून द्यायची आणि त्याच वेळी सुखद अनुभव जोडायचा, हे या पद्धतीचे तत्त्व आहे. मानसोपचारात हेच तत्त्व माणसांच्या भयगंडावर वापरले जाते, आणि त्याच्या इतिहासात मांजरांचा वाटा मोठा आहे. दक्षिण आफ्रिकेतील मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस पिंजऱ्याची भीती बसलेल्या मांजरांवर प्रयोग केले. ही मांजरे पिंजऱ्यात अन्नाला तोंड लावत नसत. वोल्पे यांनी त्यांना आधी पिंजऱ्याशी फारसे साम्य नसलेल्या खोलीत खाऊ घातले, मग क्रमाक्रमाने पिंजऱ्याच्या अधिकाधिक जवळ नेले. शेवटी ती पिंजऱ्यातही निर्धास्तपणे खाऊ लागली. या कामावर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९५८ साली प्रसिद्ध झाला. मांजरांमध्ये भीती निर्माण करण्यासाठी त्यांनी विजेचे धक्के दिले होते. तो भाग आज क्रूर मानला जातो. परंतु पायरीपायरीने भीती घालवण्याची रीत टिकून राहिली.

नखे कापण्यासाठी या पायऱ्या सर्वसाधारणपणे अशा असतात:

१. मांजर पेंगुळलेले किंवा निवांत असताना खांद्यावरून हात फिरवावा आणि खाऊ द्यावा.
२. हात खांद्यावरून पायापर्यंत, नंतर पंजापर्यंत न्यावा. पंजाला क्षणभर स्पर्श, मग खाऊ.
३. पंजा एक क्षण हातात धरावा, लगेच सोडावा, मग खाऊ.
४. बोट वरून अंगठ्याने व खालून तर्जनीने हलकेच दाबून एक नख बाहेर आणावे आणि सोडून द्यावे.
५. नेलकटर जवळ ठेवून पायऱ्या २ ते ४ पुन्हा कराव्यात. मांजराला ते हुंगू द्यावे.
६. नेलकटरने पंजाजवळ जाड शेवई किंवा स्पॅगेटीची कोरडी काडी कापावी, म्हणजे 'कट्' या आवाजाची ओळख होते.
७. एका नखाचे केवळ टोक कापावे, भरपूर खाऊ द्यावा आणि त्या दिवसाचे काम संपवावे.

प्रत्येक पायरी दिवसातून एक-दोन वेळा, एखादा मिनिटच करावी. एका पायरीवर मांजर पूर्ण निवांत झाल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नये. काही मांजरांना यासाठी आठवडा लागतो, काहींना दोन-तीन महिने लागतात. अडखळल्यास एक पायरी मागे यावे.

क्रम पाळणे आवश्यक आहे: आधी स्पर्श, नंतर खाऊ. स्पर्शामागून खाऊ येतो, असे मांजराच्या लक्षात आले की तो स्पर्श त्याला हवासा वाटू लागतो. याउलट दर वेळी खाऊ दाखवून मग पंजा धरला, तर मांजर खाऊलाच संकटाची नांदी समजू लागते आणि आवडता खाऊ पाहूनही दूर पळते.

नखे कापण्याची रीत

जेवणानंतरची सुस्तीची वेळ चांगली असते. घरात पाहुणे, शेजारी यंत्राने भिंत फोडण्याचे काम किंवा दिवाळीतील फटाके चालू असतील, तर ते दिवस टाळावेत. खोली शांत असावी. परंतु दार लावून मांजराला कोंडून मग नेलकटर काढण्याची प्रथा पाडू नये, कारण दार बंद होणे हीच पुढे भीतीची खूण बनते.

पालकाने जमिनीवर बसावे आणि मांजराची पाठ आपल्याकडे येईल असे त्याला बाजूला किंवा मांडीजवळ घ्यावे. समोरून वाकून त्याच्या डोळ्यांत पाहू नये. उताणे करू नये. बहुसंख्य मांजरांना ती स्थिती असुरक्षित वाटते. पंजा बाहेर न ओढता तो नैसर्गिक स्थितीत असतानाच अलगद धरावा. पाय ताणला की मांजर तो मागे खेचते आणि झटापट सुरू होते.

बोट हलकेच दाबल्यावर नख बाहेर येते. उजेडात जिव्हाळी कोठे संपते ते पाहावे आणि तिच्यापुढे सुमारे २ मिलिमीटर अंतर राखून कापावे. शंका असल्यास केवळ आकड्याचे टोक छाटावे. धार बोथट होण्यास तेवढे पुरते. पाती नखावर वरून आणि खालून येतील अशी धरावीत. आडवी धरल्यास नख चिरण्याचा संभव असतो. काळसर नखांत जिव्हाळी दिसत नाही, म्हणून त्यांचे अगदी टोकच काढावे. अंगठ्याच्या जागी असलेले नख विसरू नये.

घरात दुसरी व्यक्ती असल्यास तिने मांजराच्या तोंडाजवळ चाटण धरावे आणि पहिलीने नख कापावे. दोघांनी मिळून मांजराला दाबून धरणे मात्र या पद्धतीत बसत नाही. लहान मुलांकडे मांजर धरण्याचे काम देऊ नये.

काही मांजरांना टॉवेलमध्ये गुंडाळल्यावर सुरक्षित वाटते. अशा वेळी अंग सैलसर गुंडाळून एकच पाय बाहेर ठेवतात. टॉवेलचीही आधी सवय लावावी लागते. पळणाऱ्या मांजरावर मागून टॉवेल टाकला, तर पुढे टॉवेल दिसताच ते पळू लागते.

एका बैठकीत किती नखे

घरातील मांजराची नखे साधारणपणे दर दोन ते तीन आठवड्यांनी कापावी लागतात. नखे १८ असतात. म्हणजे रोज एक नख कापले, तरी अठरा दिवसांत सगळी फेरी पूर्ण होते आणि पहिल्या नखाची पाळी पुन्हा येण्याची वेळही तीच असते. त्यामुळे भित्र्या मांजराची सर्व नखे एकाच दिवशी कापण्याची मुळात गरजच राहत नाही. मागच्या पायांची नखे पुढच्यांइतकी अणकुचीदार नसतात आणि ती बऱ्याचदा उशिरा कापली तरी चालतात.

कोणते नख कधी कापले, याची नोंद भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ठेवल्यास गोंधळ होत नाही. मांजर निवांत असतानाच, त्याचा संयम संपण्यापूर्वी, बैठक संपवावी. 'आता एकच उरले आहे' या मोहाने केलेली ओढाताण बहुतेक वेळा आधीच्या दिवसांची कमाई घालवते.

रक्त आल्यास

नख जास्त खोल कापले गेले, तर जिव्हाळीला लागून रक्त येते. दिसताना ते पुष्कळ वाटते, पण निरोगी मांजराला त्यापासून सहसा धोका नसतो. स्वच्छ कापूस किंवा कापड नखाच्या टोकावर सलग तीन ते पाच मिनिटे दाबून धरावे; मधूनमधून उचलून पाहू नये. औषधाच्या दुकानात किंवा पशुवैद्याकडे मिळणारी रक्त थांबवणारी पूड लावता येते. ती नसल्यास कॉर्नफ्लोअर चिमूटभर दाबून लावतात. पंधरा मिनिटांनंतरही रक्त थांबले नाही, तर पशुवैद्याकडे जावे.

मांजर पंजा चाटते, म्हणून त्यावर जे लावले ते पोटात जाते, हे लक्षात ठेवावे. फिनॉलयुक्त जंतुनाशके मांजरांना विषारी असतात. ती जखमेवर लावू नयेत. वेदना कमी व्हावी म्हणून माणसांच्या गोळ्या देणे जीवघेणे ठरू शकते. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते.

अशा प्रसंगानंतर त्या दिवशी आणखी नखे कापू नयेत. पुढचे काही दिवस केवळ स्पर्श आणि खाऊ या पहिल्या पायऱ्यांवर परत यावे.

टाळावयाच्या गोष्टी

मांजरी आपल्या पिल्लांना मानगूट धरून उचलते, म्हणून मोठ्या मांजरालाही तसे धरले की ते शांत होते, असा समज प्रचलित आहे. प्रत्यक्षात प्रौढ मांजराला अशा पकडीने भीती व वेदना होऊ शकते. अमेरिकन असोसिएशन ऑफ फिलाइन प्रॅक्टिशनर्स आणि इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फिलाइन मेडिसिन या मांजरांच्या पशुवैद्यकांच्या संघटनांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनाही किमान पकड आणि मांजराच्या कलाने हाताळणी यांवर भर देतात.

ओरडणे, नाकावर टिचकी मारणे, तोंडावर पाणी मारणे या शिक्षांनी मांजर नखे कापू देण्यास शिकत नाही. माणसाला भिण्यास मात्र शिकते. झोपेत असलेल्या मांजराची नखे नकळत कापण्याचा उपाय काहींना साधतो, परंतु बिचकणाऱ्या मांजराची झोपेची जागाही त्यामुळे असुरक्षित होते.

पिल्ले आणि वृद्ध मांजरे

पिल्लू घरी आल्यापासूनच खेळता खेळता त्याचे पंजे हाताळावेत. लहानपणी पंजे हाताळण्याची गोडी लागलेले मांजर मोठेपणी सहसा त्रास देत नाही.

वृद्ध मांजराच्या सांध्यांना सूज असू शकते. एरवी पंजाला हात लावू देणारे मांजर एकाएकी विरोध करू लागले, तर ती वेदनेची खूण असण्याची शक्यता असते. नखाच्या मुळाशी सूज, दुर्गंधी, पू, तुटलेले नख किंवा लंगडणे दिसल्यास नख कापण्याचा प्रयत्न न करता तपासणी करून घ्यावी. थायरॉइडचा आजार झालेल्या वयस्क मांजरांची नखेही जाड होऊन वाढलेली आढळतात.

नखे घासण्याची सोय

घासण्याची चांगली जागा असली की नखे कापण्याचे काम कमी होते. खांब मांजराला पूर्ण अंग ताणता येईल इतका उंच आणि न डगमगणारा असावा. हलणारा खांब भित्रे मांजर पुन्हा वापरत नाही. लाकडी ओंडक्याला काथ्याचा किंवा सुतळीचा दोर घट्ट गुंडाळून, किंवा फळीला गोणपाट ठोकून असा खांब घरीच करता येतो. काही मांजरांना उभ्यापेक्षा आडवी जागा आवडते. त्यांना जमिनीवर ठेवलेले काथ्याचे पायपुसणे पुरते. खांब कोपऱ्यात दडवून न ठेवता मांजराच्या झोपण्याच्या जागेजवळ किंवा ज्या सोफ्यावर ते नखे घासते त्याच्याशेजारी ठेवावा.

शस्त्रक्रियेने नखे काढणे

ओरखड्यांना कंटाळून काही देशांत मांजराची नखे शस्त्रक्रियेने कायमची काढली जात. नख हाडावर बसलेले असल्यामुळे या शस्त्रक्रियेत प्रत्येक बोटाचे शेवटचे हाडच छाटले जाते. माणसाच्या बाबतीत बोटांची शेवटची पेरे तोडण्यासारखा हा प्रकार आहे. त्यातून दीर्घकाळ वेदना, चालण्यातील बदल आणि चावण्याची प्रवृत्ती संभवते, कारण मांजराकडे स्वसंरक्षणाचे दुसरे साधन उरत नाही. १९८७ च्या युरोपीय पाळीव प्राणी संरक्षण करारात, पशुवैद्यकीय कारण वगळता, या शस्त्रक्रियेला मनाई करण्यात आली. इस्रायलने २०११ साली आणि अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली कायद्याने बंदी घातली. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार प्राण्याचा अवयवभंग करणे हा गुन्हा आहे.

नखांवर चिकटवण्याची मऊ टोपणेही बाजारात मिळतात. परंतु ती बसवण्यासाठी प्रत्येक पंजा बराच वेळ धरावा लागत असल्याने भित्र्या मांजराला ती सोयीची नसतात.

माणसाला ओरखडा किंवा चावा झाल्यास

जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. भारतात रेबीज आढळत असल्याने, मांजराचे लसीकरण झालेले असले तरी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लस घ्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतात. मांजराचा चावा दिसायला टाचणीच्या टोकाएवढा असला, तरी दात खोल जात असल्याने त्यात जंतुसंसर्ग लवकर होतो. बार्टोनेला हेन्सेली हा जिवाणू पिसवांद्वारे मांजरांत पसरतो आणि ओरखड्यातून माणसाला ताप व गाठींची सूज आणू शकतो. म्हणून मांजरावर पिसवा होऊ न देणे हाही खबरदारीचा भाग आहे. घरातील मांजरालाही रेबीजची लस वेळच्या वेळी द्यावी.

पशुवैद्याची मदत

सर्व प्रयत्नांनंतरही मांजर पंजाला हात लावू देत नसेल, किंवा नख गादीत रुतले असेल, तर हे काम पशुवैद्याकडे सोपवावे. अतिशय घाबरणाऱ्या मांजरासाठी पशुवैद्य भेटीपूर्वी देण्याचे गॅबापेंटिनसारखे भीती कमी करणारे औषध लिहून देतात, किंवा आवश्यक तर गुंगी देऊन नखे कापतात. औषधाची मात्रा वजन व प्रकृतीनुसार ठरते, म्हणून ती स्वतःच्या मनाने देऊ नये. अशी मदत घेणे हे पालकाचे अपयश नव्हे. तातडीचे काम पशुवैद्याकडून उरकून घ्यावे आणि घरी पुन्हा पहिल्या पायरीपासून, एका स्पर्शापासून, सुरुवात करावी.